वितळणारं कापड

आमच्या धंद्यात कामाचे कपडे म्हणजे घरात दुसरं कुणी घालणार नाही असे कपडे. नवा शर्ट लग्नाला, जरा विटला की बाजाराला, कॉलर फाटली की वेल्डिंगला. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसमध्ये मी कित्येक वर्षं फॅब्रिकेशनचं काम करतो. खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि हंगामात जिनिंग मिलमधली दुरुस्ती. एवढ्या वर्षांत कामासाठी म्हणून एकही कपडा मी विकत घेतला नव्हता. गरजच पडली नाही. पेरणीच्या आधी बियाण्यांच्या कंपन्या कृषी केंद्रांवर टी-शर्ट वाटतात आणि वावर-शेती नसलेल्या माणसालाही ओळखीवर दोन-तीन मिळून जातात. हिरवागार रंग, छातीवर कंपनीचं नाव, पाठीवर फुटलेलं कपाशीचं बोंड. कापड मात्र शुद्ध पॉलिस्टर. कापसाच्या जिल्ह्यात कापसाचं चित्र प्लास्टिकवर छापून फुकट मिळतं आणि आम्ही ते खुशीनं घालतो, यात तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नव्हतं.

असाच एक टी-शर्ट माझ्या अंगावर पेटला. हे लिहितोय ते वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग, भट्टी असली कामं करणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. औषधांची नावं मला आठवत नाहीत. ती डॉक्टरांना विचारा. मला आठवतात ते कपडे.

हवा मारणं

हंगाम संपत आला होता. मिलमध्ये सरकी वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरचा एक आधार तुटला म्हणून मला आणि रफीकभाईंना बोलावणं आलं. रफीकभाई माझे भागीदार. वयानं मोठे, बोलायला तिखट, हाताला सफाई अशी की त्यांच्या जोडावर बोट फिरवलं तर सांधा कुठं आहे ते कळत नाही.

जिनिंगमध्ये पाऊल टाकलं की थोड्याच वेळात माणूस पांढरा होतो. रुईचे तंतू केसांत, भुवयांवर, कपड्यांवर सगळीकडे बसतात. तसंच वेल्डिंगला बसलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आधी अंगावरची रुई उडवायची. कॉम्प्रेसर दूर, मिलच्या दुसऱ्या टोकाला. गॅस कटिंगची ऑक्सिजनची नळी मात्र हाताशीच असते. ती उघडायची आणि अंगावर फिरवून घ्यायची. याला आम्ही हवा मारणं म्हणतो. जिल्ह्यातल्या कुठल्याही मिलमध्ये जा, वेल्डर कामाआधी हवा मारताना दिसेल. आमच्या उस्तादानं मारली, आम्ही मारली.

मार्चमधली दुपार होती आणि ती हवा गार लागते. रफीकभाईंनी बाह्यांवरून नळी फिरवली. मी बाहीवर तर मारलीच, शिवाय गळ्यातून टी-शर्टच्या आतही सोडली. बरं वाटलं.

ऑक्सिजन कापडात मुरून बसतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. मी वेल्डिंगची कांडी लोखंडाला टेकवून आर्क मारला आणि एरवी जिच्यानं टाचणीएवढं भोक पडतं तशी एक ठिणगी छातीवर आली. पुढं भोक पडलं नाही, भडका उडाला. मी टी-शर्ट डोक्यावरून ओढायला गेलो तर तो निघेना, कारण तोवर तो कापड राहिलाच नव्हता. छाती, गळा आणि उजवा दंड यांवर तो पातळ होऊन पसरला होता.

रफीकभाईंनी ओलं पोतं टाकून मला आवळलं. आजूबाजूचे कुणी टूथपेस्ट आणायला पळाले, कुणी शाई म्हणाले. त्यांनी कुणाला काही लावू दिलं नाही, गाडी येईपर्यंत नुसतं पाणी ओतत राहिले. चिकटलेलं कापडही ओढू दिलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले की तेवढ्यानं निम्मं काम झालं होतं.

जळीत वॉर्ड

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जळीत वॉर्ड वेगळा आहे. आत जाताना चपला बाहेर, नातेवाईक एकच. अंगावर हिरवा सैल झगा, मागून नाड्या. तो सुती असतो हे माझ्या लक्षात आलं तेव्हा वेदनेतही हसू आलं. सरकारला जे कळतं ते मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. जळालेला माणूस आला की पोलिसांना यावंच लागतं. त्यांनी माझी बायको शीला हिला बाहेर जायला सांगितलं आणि हळू आवाजात विचारलं की घरी काही भांडणतंटा आहे का. मी नाही म्हणालो. त्यांनी परत विचारलं. मी म्हणालो, साहेब, टी-शर्टनं जाळलं. त्यांनी तसं काही लिहिलं नाही, कामावर अपघात असं लिहिलं आणि सही घेतली, म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. बाहेर शीला भिंतीला टेकून उभी होती. तिला काय विचारलं असेल ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

वॉर्डाचा दिवस ड्रेसिंगभोवती फिरतो. सकाळी गाडीची चाकं वाजली की सगळ्या खाटा गप्प होतात. सिस्टर आधी पट्ट्या भिजवायच्या, मग एकेक सोडवायच्या. भिजायला वेळ दिला तर कमी दुखतं. एक सिस्टर होत्या, त्या वेळ द्यायच्या. पट्टी भिजेपर्यंत माझ्याशी खिडकीच्या जाळ्यांबद्दल बोलायच्या, कारण त्यांना घराला जाळी बसवायची होती. कुठली लोखंडी पट्टी जाड घ्यायची, गंज कसा टाळायचा, असं मी दात आवळून सांगायचो. त्यांची जाळी झाली की नाही माहीत नाही. त्यांची पाळी असेल तो दिवस मला चांगला जायचा.

शेजारच्या खाटेवर झरी जामणीकडचे टेकामबाबा होते. मोहाची फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, तो जाळताना वारं फिरलं आणि धोतर पेटलं. बाबांचे पाय भाजले होते, पण पंधरवड्यात ते काठी टेकत फिरायला लागले. मी पाठीवर पडून छताकडे बघत होतो. एकदा माझी पट्टी सुटलेली असताना त्यांनी डोकावून पाहिलं.

"तुमच्यावाला कपडा आंगाले काहून चिकटला, बाबू?"

उत्तर फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी दिलं. बाबांचं धोतर सुती, ते जळून राख झालं आणि गळून पडलं. माझा टी-शर्ट वितळला आणि कातडीत बसला. आग दोघांनाही लागली, पण माझी आग अंगावरच मुक्कामाला राहिली. बाबांनी मान हलवली आणि माझ्या उशाशी एक संत्रं ठेवून गेले. डाव्या हातानं मला ते सोलता येईना, म्हणून परत येऊन सोलूनही दिलं.

कोपर

लोकांना वाटतं की सगळ्यात वाईट दिवस जळण्याचा. माझ्या मते नाही. जळताना विचार करायला सवड नसते. वाईट दिवस तो, ज्या दिवशी डॉक्टरांनी माझा उजवा हात धरून सरळ करायला सांगितलं आणि तो झाला नाही. जखम भरताना कातडी आकसते. कोपराच्या आतल्या बाजूची कातडी आकसून हात अर्ध्यावरच अडकला होता, कपाळाला हात लावून बसलेल्या माणसासारखा. डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून इथं लावावी लागेल. हात उघडेल बहुतेक, पण पुढं रोजचा व्यायाम केला नाही तर पुन्हा आखडेल.

बहुतेक हा शब्द मी रात्रभर चघळला. वेल्डरचा उजवा हात म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मला मरणाची भीती त्या वॉर्डात एकदाही वाटली नाही. भीती वाटली ती घरच्या शेडमध्ये मशीन झाकलेलं पडून राहील याची.

शीलाची भीती उलट होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं मला पेज भरवता भरवता, आवाज न चढवता सांगितलं, "कोपर उघडला तरी मी तुमाले त्या कामावर जाऊ देणार नाही. आताच सांगून ठेवते."

मी म्हणालो, आधी उघडू तर दे. ती म्हणाली, उघडंनच, आणि चमचा पुढं केला. तेव्हापासून घर परत उभं राहीपर्यंत आमच्यात हा एकच प्रश्न होता, मी परत वेल्डिंग करणार की नाही. बाकी सगळं त्याच्या आसपास चाललं.

घट्ट बंडी

ऑपरेशन झालं, नवी कातडी बसली. आम्ही घरी आलो तेव्हा मे महिना होता. मला वाटलं सुटलो. मग दवाखान्यानं मापं घेऊन दाबाचे कपडे दिले. नवी कातडी जाड, खडबडीत होऊ नये म्हणून छातीला आणि हाताला अंगाबरोबर घट्ट बसणारी बंडी आणि बाही घालायची. अंघोळीपुरती काढायची, बाकी दिवसरात्र अंगावर. आमच्याकडचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला हे कळणार नाही. शिवाय लावलेल्या कातडीला घाम येत नाही. अंगाचा तेवढा भाग आतल्या आत तापतो, आणि खाज अशी सुटते की माणूस भिंतीला अंग घासतो. शीला ओल्या कापडानं बाहीवरून दाबून द्यायची. खाजवायचं नाही, दाबायचं.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम दवाखान्यात भेटायच्या. घरी ते काम आमच्या मुलीकडे, प्रेरणाकडे आलं. ती माझा कोपर धरून ताणायची आणि मी ओरडलो की रडायची, पण सोडायची नाही. शीला त्या वेळी शिलाई मशीन चालू करायची. ती घरी ब्लाऊज शिवते. व्यायामाच्या वेळेत तिच्या मशीनचा वेग वाढतो, हे प्रेरणानं मला सांगितलं. मला वाटत होतं की तिला माझ्या ओरडण्याचा कंटाळा आलाय.

दिवाळीच्या सुमाराला हात उघडला. पूर्ण सरळ. मी तो बाजूला पसरून भिंतीला टेकवून दाखवला. प्रेरणानं फोटो काढला. शीलानं पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. आता दिवस मोजायला सुरुवात झाली हे तिला कळलं होतं.

मधल्या काळात मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मी गल्ल्यावर बसत होतो. सावलीतलं काम, पंखा, वेळेवर डबा. शीला खूश होती. मी दुसऱ्यांना वेल्डिंगच्या कांड्या विकायचो. पोरं यायची, जोड तडकतो, काय करू म्हणून विचारायची. मी तोंडानं सांगायचो आणि माझा हात काउंटरखाली आपोआप वळायचा. मला तिथं बसवत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, पण बसवत नव्हतं. हे मी शीलाला सांगितलं तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

शुद्ध सुती

मग मी यवतमाळहून एक जॅकेट आणलं. वेल्डिंगचं म्हणूनच विकतात ते. जाड, पूर्ण बाह्यांचं, सुती. मला वाटलं, ते पाहून तिचा राग निवळेल.

शीलाला एव्हाना एक सवय लागली होती. घरात येणाऱ्या प्रत्येक कापडाचा एक धागा काढून ती काडीनं जाळून पाहायची. तुम्हीही पाहा, सोपं आहे. सुती धागा जळाला की कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटात मऊ राख उरते. पॉलिस्टर जळत जळत आखडतं, काळा धूर काढतं आणि टोकाला टणक मणी तयार होतो. मिक्स कापडात दोन्ही दिसतं. प्रेरणाचा शाळेचा ड्रेस, माझ्या पँटी, पलंगावरची चादर, स्वतःच्या साड्या, सगळं तिनं तपासलं होतं. आमच्या घरात सुती म्हणून जे मिरवत होतं त्यातलं निम्मं मणी निघालं.

जॅकेटचा धागा तिनं जाळला. राख झाली. मी जिंकल्यासारखा उभा. मग तिनं काखेतली शिवण उसवली, तो दोरा काढला आणि काडी लावली. मणी.

"कपडा कॉटनचा, दोरा नाही," ती म्हणाली. "ठिणगी शिवणीवर पडली तं बाही हातात येईन."

एवढं बोलून तिनं ते नवंकोरं जॅकेट माझ्यासमोर शिवणीशिवणीनं उसवलं. पाठ, छाती, बाह्या सगळे भाग जमिनीवर मांडले आणि कागदावर त्यांचे आकार उतरवून घेतले. मी विचारलं, काय करून राह्यली? ती म्हणाली, शिवून राह्यली. मला वाटलं की ती तयार झाली. ती तयार झाली नव्हती.

कापड शोधायला आम्ही दिग्रसच्या बाजारात हिंडलो. प्रत्येक दुकानदारानं पॉलिस्टर मिसळलेलं टेरीकॉट दाखवलं. एकानं तर समजावलं की निव्वळ कॉटन आता कुणी मागत नाही, त्याला इस्त्री लागते. ज्या गावात थंडीभर कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडतो तिथं आम्हाला जाड सुती कापड मिळेना. शेवटी ते गादीवाल्याकडे मिळालं. गाद्यांच्या खोळीसाठी वापरतात ते पट्ट्यापट्ट्यांचं गादीपाट. तिथंही दोन ठाणांचे मणी झाले, तिसऱ्याची राख झाली. शीलानं तेच घेतलं.

तिनं काय काय केलं ते सांगतो, कारण दुकानातल्या कपड्यात हे सहसा नसतं. जॅकेटबरोबर त्याच कापडाची पँटही शिवली. छाती आणि बाह्या दुहेरी. कॉलर उभी, गळ्यापर्यंत बंद होणारी. वरचा खिसा नाहीच, कारण ठिणगी खिशात जाऊन बसते. आत एक, झाकणवाला. बाहीला दुमड नाही, पँटलाही नाही, कारण दुमडीत निखारा साठतो. पँट बुटावरून खाली येईल एवढी लांब. जॅकेटला चेन नाही, दाबून लागणारी धातूची बटणं, दोन्ही हातांनी एकदा हिसका मारला की वरपासून खालपर्यंत उघडतील अशी. सगळी शिलाई सुती दोऱ्याची. मी माझ्याकडून एवढंच वाढवलं की कपड्याला तेल-ग्रीस लागलं तर तो धुतल्याशिवाय घालायचा नाही, आतला बनियनही सुती, आणि रुई झटकायची ती हातानं किंवा झाडूनं. ऑक्सिजनची नळी अंगाकडे वळवायची नाही, कधीच नाही. रफीकभाईंनीही हवा मारणं सोडलं. मिलमध्ये दुसरा कुणी मारताना दिसला तर ते आधी शिव्या देतात, मग कारण सांगतात.

जॅकेट तयार झालं तेव्हा ते पाहायला रफीकभाई आले. निळे-पांढरे पट्टे बघून म्हणाले, "क्या बात है, भाई. गादी कामाले चालली." शीलासुद्धा हसली. दवाखान्यानंतर ती पहिल्यांदा अशी हसली असेल.

शेडमध्ये

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरामागच्या शेडमधलं मशीन उघडलं. झाकलेली ताडपत्री काढली, केबल तपासली, एक जुनी लोखंडी पट्टी टेबलावर बांधली. जॅकेट घ्यायला वळलो तर शीलानं ते स्वतःच्या अंगात घातलं होतं. साडीवरून, गळ्यापर्यंत बटणं लावून. पदर आत खोचलेला, डोक्याला सुती फडकं.

"मारा वेल्डिंग," ती म्हणाली आणि टेबलाला लागून उभी राहिली. उजवी बाही पुढं केली.

मी म्हणालो, येडी झाली का तू, काढ ते. तिनं काढलं नाही. कापड चांगलं आहे ना, तिनं विचारलं. मी हो म्हणालो. शिलाई चांगली आहे ना? हो म्हणालो. मंग भेता कायले?

मी होल्डरमध्ये कांडी लावली. जे कापड माझ्यासमोर धाग्याधाग्यानं तपासलं होतं, ज्याला मी दहा जणांसमोर नावाजलं होतं, त्यात माझी बायको उभी होती. माझा हात पूर्ण सरळ होत होता. डॉक्टरांनी, प्रेरणानं, त्या मॅडमनी जे काही करायचं ते केलं होतं. तरी तो हात पट्टीपर्यंत गेला नाही. मी होल्डर खाली ठेवला आणि म्हणालो, माझ्यानं नाही होत.

"मी घरी बसून रोज काय पाहीन, ते समजलं का?"

मला समजलं. मी तसं म्हणालो. मग असंही म्हणालो की तू नको म्हणत असशील तर मी उद्या दुकानातच जातो, आणि ते मी मनापासून बोललो होतो. ती थोडा वेळ टेबलावरच्या पट्टीकडे बघत राहिली. मग हिसका मारून तिनं बटणं उघडली. बटणं पटपट सुटली, ते बघून समाधान झाल्यासारखी मान हलवली. जॅकेट माझ्या अंगावर चढवलं. दुखऱ्या बाजूनं आधी, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. खालपासून गळ्यापर्यंत एकेक बटण दाबलं, कॉलर उभी केली, हातमोजे दिले. भिंतीवरची हातात धरायची काळी काच घेतली, चार पावलं मागं गेली आणि ती चेहऱ्यासमोर धरली.

"आता मारा."

मी मारला. सुरुवातीला कांडी चिकटली, नवशिक्याची चिकटते तशी. मग जोड धरला. ठिणग्या बाहीवर येत होत्या, कापडाच्या पट्ट्यांवर लोळत होत्या आणि विझून खाली पडत होत्या. मी पट्टीच्या टोकापर्यंत गेलो, थांबलो, डोक्यावरची ढाल वर केली. छाती, हात, पाय पाहिले. काही नव्हतं. दोन-तीन तपकिरी ठिपके होते फक्त.

आर्क नसताना त्या काचेतून काही दिसत नाही, नुसता अंधार असतो. शीलानं काच खाली घेतली नव्हती. मी होल्डर ठेवला, मशीन बंद केलं, तरी तिनं ती दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर तशीच धरून ठेवली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेलो. काच काढायचा प्रयत्न केला नाही, नुसता उभा राहिलो.

"उद्यापासून जाजा," ती काचेमागूनच म्हणाली. "पण बटनं मी लावून देत जाईन."